वाईट काळात नातं सुधारायला जाऊ नये, नुसतं सांभाळावं – पटतंय का?

वळचण

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि घरी त्यावर बोलून दोघंही कंटाळलोय, म्हणून इथे टाकतेय.

गेल्या वर्षी आमच्याकडे एकामागोमाग एक आलं. आधी नवऱ्याची नोकरी गेली, त्यातून जरा मान वर काढतोय तोवर माझ्या बाबांचं आजारपण निघालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास. गंमत अशी की ज्यांची खरी काळजी होती त्या गोष्टींवरून, म्हणजे पैसा आणि बाबांचे रिपोर्ट, आम्ही एकदाही भांडलो नाही. भांडलो ते चार्जर जागेवर नाही म्हणून, बाथरूमचा दिवा चालू राहिला म्हणून, आणि एकदा तर मी "बरं" कुठल्या सुरात म्हणाले त्यावरून. अशी भांडणं सुरू होतात चार्जरपासून आणि दहा मिनिटांत लग्नाच्या पहिल्या वर्षात जाऊन पोचतात. तेव्हा तुझी आई काय बोलली होती, मी कसं ऐकून घेतलं होतं वगैरे. अनुभवींना जास्त सांगायला नको.

आजूबाजूचे सगळे एकच सांगत होते: मनात ठेवू नका, बसून मोकळेपणाने बोला, नातं घट्ट करायची हीच वेळ असते. माझं मत आता नेमकं उलटं झालंय. ही ती वेळ नव्हेच. झोप अर्धवट झालेली, डोकं भलतीकडे अडकलेलं, अशा दोन माणसांनी रात्री अकरा वाजता "आपलं कुठे चुकतंय" हा विषय काढला तर उत्तर कधीच धड मिळत नाही. दमलेल्या माणसाला परिस्थिती दिसत नाही, समोरचा माणूस दिसतो. तो गप्प बसलाय कारण त्याला आज आणखी एका ठिकाणाहून नकाराचं मेल आलंय, हे मला दिसत नाही. मला दिसतं ते एवढंच की याला माझी पर्वा नाही.

म्हणून आम्ही ठरवलं की आत्ता दुरुस्ती काढायची नाही, आहे ते मोडू द्यायचं नाही, बस्स. त्यासाठी फार काही केलं नाही. घरात शिरताना दहापैकी आकडा सांगायचा, "आज तीन" किंवा "आज सहा". तीन म्हटलं की समोरच्याने कारण विचारायचं नाही, फक्त त्या संध्याकाळी जास्तीचं काम अंगावर घ्यायचं. दोघांचाही तीन असेल तर घर तसंच पडलेलं राहील आणि ते चालेल. दुसरं म्हणजे रात्री दहानंतर पैसा, आजारपण आणि नातेवाईक हे तिन्ही विषय बंद. आणि तिसरं, जुन्या तक्रारी एका वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या आणि त्यांवर बोलायला पुढची तारीख टाकायची. आम्ही चार महिन्यांनंतरची टाकलीय.

तुमचे अनुभव सांगा. विरोधात असतील तरी चालतील.

रात्रपाळी

पटलं. वड्याचं तेल वांग्यावर निघतं हे आपण म्हणतो, पण यावर रीतसर अभ्यासही झालेले आहेत. रेना रेपेटी नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलर लोकांकडे पाहिलं, १९८९ साली. ज्या दिवशी कामाचा ताण जास्त, त्या दिवशी ही माणसं घरी येऊन गप्प गप्प राहायची, कोणात मिसळायची नाहीत.

मी स्वतः पाळ्यांमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचून हायसं वाटलं होतं. घरी आल्यावर पहिला अर्धा तास मी बोलत नाही. बायकोला आधी वाटायचं की काहीतरी लपवतोय. आता मी दारातच सांगतो, "अर्ध्या तासाने माणसात येतो." पुढे तो अर्धा तास कोणाला टोचत नाही. न सांगता गप्प बसलो असतो तर त्याच अर्ध्या तासाचे चार अर्थ निघाले असते.

तुमची आकड्याची युक्ती उचलतोय.

टिपणवही

धागा आवडला. थोडी भर.

१९६७ साली होम्स आणि राहे या दोघांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली होती, प्रत्येक घटनेला ताणाचे गुण देऊन. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, नोकरी जाणं ४७, घरातल्या माणसाची तब्येत बिघडणं ४४. म्हणजे वळचणताईंचे ९१ इथेच झाले. पण खरी मजा पुढे आहे. लग्नाला ५० गुण आहेत, निवृत्तीला ४५, आणि नवरा-बायकोचा समेट, त्यालाही ४५! चांगला बदलही अंगावर येतोच. नातं दुरुस्त करणं हे स्वतःच एक ओझं आहे, ते नोकरी गेल्याच्या ओझ्यावर ठेवायचं की नाही हा प्रश्न म्हणून रास्त वाटतो.

(गुणांची बेरीज करून कोणी स्वतःचं भविष्य काढू नका. यादीला पन्नास वर्षं उलटून गेलीत आणि एकच घटना दोन माणसांना अगदी वेगवेगळी लागते.)

खडूस

+१. अवांतर: चार्जर प्रत्येकाचा वेगळा घ्या. निम्मे संसार वाचतील.

कडूलिंब

मला अजिबात पटलेलं नाही आणि सगळे माना डोलावतायत म्हणून मुद्दाम लिहितेय.

"आत्ता नको, आत्ता वेळ बरोबर नाही" हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा अर्थ मला "कधीच नको" असाच लागतो. आधी सासरे आजारी होते, मग दिराचं काहीतरी, मग याचं ऑफिसातलं राजकारण. वेळ बरोबर कधी असते? आणि अशा समजूतदार तहात गप्प बसणारं माणूस बहुतेक वेळा तेच ते असतं. ज्याचं चाललंय बरं, त्याला पुढे ढकलायला काय जातंय? दुसऱ्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शिवाय वाईट काळातच माणूस कळतो. बाबा हॉस्पिटलात असताना नवरा एकदाही रात्री थांबला नाही, हे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून तारीख टाकू? ते त्याच आठवड्यात बोलायचं असतं.

वळचण

कडूलिंब, मुद्दा रास्त आहे. मी नीट लिहायला हवं होतं.

"आज रात्री तू हॉस्पिटलात थांब, मला झोप हवी आहे" ही मागणी आहे. ती त्याच आठवड्यात नव्हे, त्याच दिवशी करायची. ती वहीत जातच नाही. वहीत जातं ते "तू कायम असाच आहेस", "तुमच्या घरात कोणालाच दुसऱ्याचं काही नसतं". म्हणजे आजच्या कामाचं आज बोलायचं, स्वभावाचा पंचनामा नंतर.

आणि काही गोष्टींना तारीख टाकायची नसतेच. कोणी हात उचलत असेल, घरात भीती वाटत असेल, पैसे लपवले जात असतील, दारू किंवा जुगार वाढला असेल तर तिथे "वाईट काळ आहे, सांभाळून घे" म्हणणं म्हणजे त्या माणसाला मोकळं रान देणं. ते माझ्या म्हणण्यात कुठेही बसत नाही. तिथे आधी स्वतःची सोय बघायची आणि बाहेरची मदत घ्यायची.

कडूलिंब

हे मान्य. तरी तारीख आली की पाळता का ते कळवा. मी इथेच आहे.

ऐकणारा_कान

समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, पण इथे वाचक म्हणून लिहितोय. कोणाच्या घरावर निदान करणार नाही.

वळचण यांनी मागणी आणि पंचनामा असा फरक केलाय, तो जॉन गॉटमन यांच्या कामातही आहे. जोडप्यांना प्रत्यक्ष भांडताना पाहून त्यांनी चार घातक सवयी काढल्या: स्वभावावर टीका, तुच्छतेने बोलणं, आपलीच बाजू लावून धरणं आणि भिंतीसारखं गप्प होणं. यातली तुच्छता सगळ्यांत वाईट. डोळे फिरवणं, नक्कल करणं, "वा, काय तीर मारलास" हे सगळं त्यात आलं. तक्रार नुसती तक्रार म्हणून केली तर नातं ती सोसतं.

दुसरी गोष्ट शरीराची. भांडण एका पातळीच्या वर गेलं की नाडी मिनिटाला शंभरच्या पुढे जाते, मग माणूस ऐकत नाही, फक्त पुढचं वाक्य जुळवत असतो. शरीर खाली यायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणून भांडण थांबवणं हा पळपुटेपणा नव्हे. मात्र थांबवायचीही एक रीत आहे. "मला आता सुचत नाहीये, साडेआठला परत बसू" असं वेळ सांगून उठायचं, आणि साडेआठला खरोखर येऊन बसायचं. वेळ न सांगता उठून गेलात, दार आपटलंत, तर समोरच्याला ती शिक्षा वाटते. आणि मधल्या वीस मिनिटांत मनातल्या मनात तेच भांडण पुन्हा भांडत बसलात तर नाडी खाली येत नाही. चक्कर मारा, भांडी घासा, काहीही करा.

मनातलं बाहेर काढण्याबद्दल एक. संकटातून गेलेल्या माणसाला लगेच बसवून सगळं बोलायला लावायचं, अशी पद्धत एके काळी बरीच चालायची. पुढे तिची तपासणी झाली तेव्हा एका बैठकीतल्या अशा बोलण्याने पुढचा मानसिक त्रास टळतो असं दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तर बोलण्यासाठी दबाव आणू नका असं सरळच म्हटलंय. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढंच. जवळ बसायचं, काय हवंय ते विचारायचं, योग्य ठिकाणी पोचवायचं. माणूस बोलला तर ऐकायचं, नाही बोलला तर तेही ठीक.

उन्हाळे_पावसाळे

माझं वय बघता मला काका म्हणायला हरकत नाही. वळचण, तुमच्या यजमानांसाठी लिहितो.

माझी नोकरी गेली तेव्हा सगळ्यात जास्त त्रास पैशाने दिला नाही, घड्याळाने दिला. आधी वाटलं, चला, आता वेळच वेळ आहे, राहिलेली कामं उरकू. प्रत्यक्षात एक बिल भरायला सकाळ पुरायची नाही. तेव्हा मला मारिएनथालबद्दल वाचायला मिळालं आणि जरा जीव भांड्यात पडला. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळचं हे गाव एका कापड गिरणीवर चालायचं. मंदीत गिरणी बंद पडली आणि सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तिथे अभ्यास केला, तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी काय काय मोजलं पाहा. गावातल्या ग्रंथालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं, तर लोकांकडे वेळ भरपूर असूनही वाचन कमी झालं होतं. खिडकीत बसून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्याने जाणारी माणसं किती वेगाने चालतात तेही मोजलं. पुरुष हळू चालायचे, मध्येच थांबायचे, पुन्हा चालायचे. बायका त्यांच्यापेक्षा वेगात असायच्या, कारण गिरणी बंद पडली तरी घरकाम बंद पडलं नव्हतं.

आता हे नवरा-बायकोच्या भांडणात कसं उतरतं ते सांगतो. एकाचा दिवस मोकळा, विस्कटलेला, आणि दुसऱ्याच्या दिवसात श्वास घ्यायला जागा नाही. मग संध्याकाळी प्रश्न येतो, "दिवसभर केलंस काय?" विचारणारीला यादी हवी असते. ऐकणाऱ्याला तो आपल्या लायकीवरचा प्रश्न वाटतो, कारण दिवसभर तो स्वतःला तेच विचारत असतो. आमच्याकडे या एका वाक्याने जितकं नुकसान केलं तितकं बँकेतल्या शिल्लकेने केलं नाही.

याहोडाबाईंनी पुढे असं मांडलं की नोकरी पगाराखेरीज आणखी बरंच काही देते: वेळेला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चारचौघांच्या कामातला वाटा, समाजातली ओळख आणि हातांना काम. पगार परत येईल तेव्हा येईल, बाकीचं मात्र थोडंथोडं जमवता येतं. मी रोज ठरलेल्या वेळी बाहेरचे कपडे घालून घराबाहेर पडायचो. नोकरीचे अर्ज सकाळी अकरापर्यंत, त्यानंतर नाही. दुपारी एक असं काम जे संपल्यावर संपलेलं दिसेल. आठवड्यातून दोनदा अशा माणसांना भेटायचं ज्यांना माझ्या नोकरीबद्दल काही पडलेली नाही. मनाला बरं वाटलं की करू, असं म्हणून चालत नाही. आधी करायचं, वाटायचं ते मागून वाटतं, तेही रोज नाही.

बायकोला मी एकच विनंती केली होती: "काय केलंस" ऐवजी "उद्या काय आहे" विचार. फरक पडला.

वळचण

काका, हे नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण फोन मागून घेऊन पुन्हा वाचला.

एकटीच_बरी

इथे सगळे जोड्यांचंच बोलतायत. ज्यांना दारात आकडा सांगायला कोणी नाही त्यांनी काय करायचं? माझं आजारपण झालं तेव्हा पहिल्या पंधरवड्यात फोनच फोन. दुसऱ्या महिन्यात कोणी नाही. "काही लागलं तर सांग हं" असं म्हणून गेलेल्यांपैकी एकालाही मी सांगू शकले नाही, कारण नक्की काय सांगायचं?

आणि एक मैत्रीण आहे जी रोज येते, पण आम्ही दोघी तासभर तेच ते उगाळतो आणि ती गेल्यावर मला जास्तच जड वाटतं. तिला नको म्हणवत नाही.

ऐकणारा_कान

एकटीच_बरी, दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत.

मैत्रिणीबद्दल आधी. तेच ते उगाळत राहण्यावर अमांडा रोझ यांनी मुलामुलींमध्ये अभ्यास केला होता, २००२ साली. अशा बोलण्याने मैत्री घट्ट होते आणि त्याच वेळी उदासी आणि चिंताही जास्त दिसते. दोन्ही एकदम, म्हणून ते सोडवत नाही. मैत्रीण तोडायची गरज नाही, बोलण्याला कुंपण घाला. पहिली वीस मिनिटं दुखण्याची, मग उठून दोघी काहीतरी करा. चालायला जा, कपाट आवरा. बोलणं हातांच्या कामाबरोबर झालं की फार खोल गाळात जात नाही.

"काही लागलं तर सांग" हे बहुतेक जण मनापासूनच म्हणतात, पण त्यात काम शोधायचा बोजा आजारी माणसावर पडतो. तुम्ही उलटं करा. छोटं, वेळ असलेलं, नाही म्हणता येईल असं काम मागा: "गुरुवारी चार वाजता तपासणीला जायचंय, सोबत येशील का? नाही जमलं तरी सांग, मी दुसऱ्या कोणाला विचारते." असं विचारलं की लोक येतात. नाही आले तरी निदान कोण येणार नाही ते कळतं. आणि आकडा सांगायला नवराच लागतो असं कुठे आहे? एका भरवशाच्या माणसाला रात्री नुसता आकडा मेसेज करायचा, त्यानेही त्याचा पाठवायचा. बोलणं व्हायलाच हवं असं नाही.

शुश्रूषा

ज्यांना मदत करायची आहे त्यांच्यासाठी: सुसान सिल्क आणि बॅरी गोल्डमन यांनी २०१३ मध्ये एक सोपा नियम लिहिला होता. मधोमध आजारी माणूस, त्याभोवती घरचे, त्याबाहेर मित्र, त्याबाहेर ओळखीचे, अशी वर्तुळं काढा. आतल्या वर्तुळातल्यांना धीर द्यायचा, रडगाणं बाहेरच्या वर्तुळाकडे गायचं. माझी आई विस्मरणाच्या आजारात होती तेव्हा लोक येऊन माझ्याच खांद्यावर रडायचे आणि मी त्यांना पाणी द्यायचे. हा नियम तेव्हा छापून दाराला लावायला हवा होता.

त्या आजारात आणखी एक विचित्र गोष्ट असते. माणूस समोर बसलेलं असतं आणि तरी गेलेलं असतं. आई मला "तुम्ही कुठल्या?" असं अगदी नम्रपणे विचारायची. या अशा धूसर वियोगाबद्दल पॉलिन बॉस यांनी पुष्कळ लिहिलंय. शेवट झालेला नसतो, त्यामुळे दुःख करायलाही अधिकृत परवानगी नसते. घरातल्या प्रत्येकाला ते वेगळ्या वेळी जाणवतं आणि त्यावरून भावंडांत भांडणं होतात.

आमच्याकडे झालीच. भाऊ दूर, तो व्हिडिओ कॉलवर सूचना देणार. मला वाटायचं सगळं मीच करते. त्याला वाटायचं पैसे, डॉक्टरांशी बोलणं, कागदपत्रं, सगळं तोच करतो. १९७९ मध्ये रॉस आणि सिकोली यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं होतं की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुधा पूर्णापेक्षा जास्तच यायची. आपण केलेलं आपल्याला आठवतं, दुसऱ्याचं आपल्यासमोर घडलेलंच नसतं. मी एका महिन्याची कामं कागदावर उतरवली, त्यानेही त्याची उतरवली, आणि यादी अदलाबदल केली. त्याच्या यादीतली निम्मी कामं मला माहीतच नव्हती. माझ्या यादीतलं "रात्री तीनदा उठवून कपडे बदलणे" वाचून त्याने आठवड्यातल्या दोन रात्रींसाठी बाई लावली. भांडणाने हे झालं नसतं.

रात्रपाळी

याला धरून एक. २००० साली बोल्जर आणि सहकाऱ्यांनी वकिलीची परीक्षा देणाऱ्यांच्या जोडप्यांकडून रोजच्या नोंदी घेतल्या होत्या. जोडीदाराने आधार दिला, पण परीक्षा देणाऱ्याच्या तो लक्षात आला नाही, तेव्हा त्याचा उपयोग सगळ्यात जास्त झाला. उपकार दिसला की सोबत ओशाळलेपणही येतं, हे कारण असावं. म्हणजे केलेली मदत दाखवत बसू नका. (माझी बायको विचारतेय की मग तिचं काम कोणाला दिसणार. उत्तर नाहीये माझ्याकडे.)

खडूस

मुलांचं काय? आमच्याकडे सातवीतलं कार्टं आहे. आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो की ते दाराला कान लावतं.

शुश्रूषा

हळू आवाज हाच मुलांसाठी भोंगा असतो. काय बदलतंय आणि काय बदलणार नाही, दोन्ही सांगा. "बाबांची नोकरी गेलीय, ते दुसरी शोधतायत, तोवर काही खर्च थांबतील. तुझी शाळा तीच राहणार, आपण इथेच राहणार." खात्री नसलेलं वचन देऊ नका. आणि यात तुझी काही चूक नाही, हे न विचारताही सांगा, मुलं मनाशी भलताच संबंध जोडतात. मोठ्यांचं भांडण कानावर पडलं असेल तर मिटल्याचंही त्यांच्यासमोर दिसू द्या.

डॉक्टरीण_बाई

धागा छान चाललाय, पण एक गोष्ट कोणी स्पष्ट लिहिली नाही. सगळंच आकड्यांनी आणि वेळापत्रकाने सुटत नाही. ताण आणि आजार यांत फरक आहे.

जवळजवळ दिवसभर उदास वाटणं किंवा कशातच रस न वाटणं, सोबत झोप-भूक बिघडणं, थकवा, लक्ष न लागणं, आपण निरुपयोगी आहोत असं वाटणं, हे दोन आठवडे बहुतेक रोज असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुरुषांमध्ये कित्येकदा उदासी दिसतच नाही, चिडचिड आणि पिणं वाढलेलं दिसतं. औषधं दिली तर फरक जाणवायला काही आठवडे लागतात, आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंदही करू नका.

झोपेचं: वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर पलंगावर तळमळत राहू नका. उठा, मंद उजेडात कंटाळवाणं काही करा, झोप आली की परत जा. उठायची वेळ मात्र रोज तीच ठेवा. काळज्या पलंगावर येत असतील तर त्यांना संध्याकाळची अर्ध्या तासाची ठरावीक वेळ द्या, कागद घेऊन बसा आणि त्या वेळी मनसोक्त काळजी करा. बोर्कोव्हेक यांनी ही पद्धत १९८३ मध्ये तपासली होती. ऐकायला वेडगळ वाटते, पण बऱ्याच जणांना उपयोगी पडते.

आणि घरातलं कोणी "मी नसलो तर बरं होईल" अशा अर्थाचं बोलत असेल तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू आणि औषधांचा साठा हाताशी ठेवू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर, हॉस्पिटल किंवा तुमच्याकडच्या हेल्पलाइनशी बोला. "कोणाला सांगणार नाहीस अशी शपथ घे" म्हणाले तर ती शपथ घेऊ नका.

एकटीच_बरी

ऐकणारा_कान, सांगितलंत तसं विचारून पाहिलं. दोघींनी नाही सांगितलं. तिसरी म्हणाली, "अगं, मला वाटलं तुला एकटीला राहायचंय." ती आली. मैत्रिणीबरोबरचं कुंपण अजून जमलेलं नाही, ती बसली की बसतेच.

कडूलिंब

धागा वर काढतेय. वळचण, चार महिने झाले. तारीख आली असेल ना?

वळचण

आली. आणि मला वाटलंच होतं की तुम्ही विचारणार.

आम्ही दोघं वही घेऊन बसलो, सकाळी, झोप झाल्यावर. दोघांच्या मिळून बऱ्याच तक्रारी होत्या. काही वाचून हसूच आलं, कशावरून लिहिलं तेही आठवेना, त्या खोडल्या. त्याच्या एका तक्रारीवर मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तो नोकरी शोधत असताना मी नातेवाइकांना त्याच्या वतीने उत्तरं द्यायचे, ते त्याला अपमानास्पद वाटायचं. बंद केलं.

पण माझी एक तक्रार, त्याच्या आईबद्दलची, ती चार महिन्यांपूर्वी होती तेवढीच मोठी निघाली. त्यावर जोरात भांडण झालं, मध्ये एकदा वेळ सांगून उठलो, परत बसलो. मिटलेलं नाही. तुमचं म्हणणं तिथे बरोबर ठरलं, काही गोष्टी नुसत्या थांबल्याने लहान होत नाहीत. फरक इतकाच की या वेळी आम्ही फक्त तिच्यावरच भांडलो. नोकरी, बाबा, पैसा यातलं काही मध्ये आलं नाही.

ती तक्रार पुढच्या पानावर गेलीय, पुढची तारीख टाकून. या वेळी महिनाभराचीच टाकलीय, त्याच्याच सांगण्यावरून. आणि सोबत समुपदेशकाची वेळ घ्यायची असं ठरलंय, ती घ्यायचं काम त्याच्याकडे आहे.

कडूलिंब

त्याने घेतली का वेळ?

वळचण

मंगळवारची मिळालीय.